इंजिनाला दात लावणारे घरमालक

आमचे घरमालक इंजिनाला चावताना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा माझ्या हातातलं दुधाचं पातेलं सुटलं. दूध पायऱ्यांवरून ओघळत थेट त्यांच्या जीपच्या चाकाखाली गेलं, पातेलं ठणठण करत अंगणभर लोळलं, तरी त्या माणसाने मान वळवली नाही. बॉनेट उघडं, इंजिन धडधडतंय, आणि साठी उलटलेला हा धिप्पाड गृहस्थ हातभर लोखंडी सळईचं एक टोक इंजिनावर टेकवून दुसरं टोक दातांत घट्ट धरून उभा. डोळे मिटलेले. तोंडावर भाव असा, की सासुरवाडीला बसून आमरस चाखतोय.

मी जिना उतरून त्यांच्या समोर गेले. "काका, हे काय चाललंय?"

त्यांनी डोळे उघडले, सळई लुंगीला पुसली आणि म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरला कायतरी झालाय, बाय. बाकीचं तीन बरं हान."

मग त्यांनी इंजिन बंद केलं, तिसरा प्लग खोलला आणि फडक्यात धरून माझ्या नाकासमोर नाचवला. काजळीने काळाकुट्ट झालेला. उरलेले तिन्ही खोलून दाखवले, ते स्वच्छ. मी भौतिकशास्त्राची एम.एस्सी. चारच दिवसांपूर्वी वर्गात फळ्यावर 'निरीक्षण, मोजमाप, निष्कर्ष' असं ठळक अक्षरांत लिहून आलेली. मी मुकाट्याने वर गेले आणि कोरा चहा प्यायले.

नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं होती ती. नेरूळला नव्याने निघालेल्या एका कॉलेजात मला नोकरी लागली होती, नवऱ्याची ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात पाळीची नोकरी, आणि आमच्या फ्लॅटचा ताबा मिळायला अजून दोन वर्षं होती. तोवर आम्ही खाडीच्या अंगाला असलेल्या जुन्या गावात माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खाली घरमालक आणि त्यांचा मुलगा राहायचे. मालकीणबाई दोनेक वर्षांपूर्वी वारल्या होत्या. गावाच्या तिन्ही बाजूंनी वसाहतीच्या इमारती येऊन भिडल्या होत्या, चौथ्या बाजूला खारफुटी. मुलाचं लग्न ठरायचं होतं. तो बंदराकडच्या एका कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर होता, शांत, कामापुरतं बोलणारा. वडील मात्र त्याच्या वाटणीचंही बोलायचे.

त्यांनी तरुणपणापासून पंचवीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळलं होतं. नव्या शहरासाठी गावाच्या जमिनी गेल्या, बदल्यात पैसे आले, तेव्हा गावातल्या इतरांनी गाळे बांधले, ट्रक घेतले. यांनी घर बांधलं आणि उरलेल्यातून लष्कराच्या लिलावातली एक जुनी पेट्रोलची जीप उचलून आणली. छप्पर कापडी, दारं नाहीत, रंग पानाच्या पिचकारीसारखा, कारण हिरव्यावर त्यांनी स्वतः लाल मारला होता आणि तो जागोजागी उडाला होता. या जीपला बाहेरच्या मेकॅनिकने हात लावलेला त्यांना चालत नसे. एकदा कोणा मेकॅनिकने रस्त्यात बंद पडलेल्या जीपचं बॉनेट मदत म्हणून उघडलं, तर यांनी त्याच्या बोटांवरच ते आपटलं होतं म्हणे.

"दुसऱ्याच्या हातची दुरुस्ती म्हंजे दुसऱ्याच्या हातचा जेवान," ते म्हणायचे. "पोट भरतं, पन आत काय टाकलंय ता कलत नाय."

त्यांचं एक शिस्तीचं खूळ मला फार आवडायचं. कुठलाही नट ढिला केला, की आधी जाळ्याच्या दोऱ्याचा एक तुकडा त्या नटाला बांधायचा आणि मगच पुढच्या कामाला लागायचं. नट आवळला की दोरा कापायचा. सगळं काम संपल्यावर एकही दोरा दिसता कामा नये. बोट समुद्रात हलत असताना एखादा नट आवळायचा राहिला तर सहाजणांचा जीव जायचा, तिथली ही सवय. मुलगा सात वर्षांचा असल्यापासून त्याला त्यांनी ही शिस्त लावली होती. दोरा विसरला की कानाखाली एक. मुलगा मला हसत सांगायचा, "मॅडम, मी आता घरातला नळ दुरुस्त करतो ना, तरी दोरा बांधतो. हात ऐकतच नाय."

बाकी सवयी मात्र आवडण्यासारख्या नव्हत्या. बोलताना ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. नवी नवरी, परकं गाव. मी घाबरून नवऱ्याला सांगितलं, की हा म्हातारा बरा दिसत नाही, आपण खोली बदलू. नवरा म्हणाला, "अगं, माझ्याही तोंडाकडे बघतात."

पाठमोरे असताना हाक मारली तर ओ देत नसत. मला वाटायचं, पैशाची मिजास. जिन्यावरून विचारलं, "काका, पाणी कधी येणार?" तर उत्तर, "बगू, भरती आल्यावर." "काका, गच्चीची किल्ली?" "बगू, भरती आल्यावर." एकदा मी विचारलं, "काका, आज तारीख काय?" तरी भरतीच. मी कॉलेजात त्यांची नक्कल करायचे आणि स्टाफरूम खो-खो हसायची. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली एक वाजवावीशी वाटते.

दर रविवारी सकाळी मात्र हा माणूस वेगळा असायचा. दाढी केलेली, पांढरा सदरा, शेजारच्या सीटवर बोंबलाची नाहीतर कोलंबीची पिशवी. त्यांची एकुलती मुलगी उरणजवळ दिली होती. जीप काढायची, उरण फाट्यावरून खाडीचा रस्ता धरायचा, दुपारी लेकीकडे जेवायचं, दिवस मावळायच्या आत परत. बायको गेल्यापासून एक रविवार चुकला नव्हता. मुलगा म्हणायचा, "बाबा, मोटरसायकलवर सोडतो ना मी." त्यावर ते उखडायचे.

"लेकीच्या दारात बाप आपल्या गाडीनी उतरला पायजे. कोनाच्या मागं बसून नाय."

पहिल्या पावसाळ्यात त्यांच्या दातांनी दगा दिला. हिरड्या सुजल्या, गाल टम्म झाला, आणि दंतवैद्याने एकेक करत सगळे काढले. कवळी बसली. तोंड एकदम तरुण दिसायला लागलं, पण माणूस पडेल चेहऱ्याने फिरू लागला. एका सकाळी मी पाहिलं, तर जीप चालू, सळई तोंडात, आणि घरमालक सळई एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने चावताहेत. शेवटी त्यांनी कवळी काढून खिशात टाकली आणि नुसत्या हिरड्यांनी धरून पाहिली.

"कवली मुकी हाय, बाय," ते मला म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, हिरड्यांचं दुखणं असेल असं मला वाटलं.

त्यानंतर पंधरा दिवसांत जीप आजारी पडली. सुरू व्हायची, पण रेस सोडली की फडफडून मरायची. रविवार चुकला. मग दुसरा चुकला. म्हाताऱ्याने कार्ब्युरेटर खोलला, प्लग बदलले, पॉइंट घासले, अंगणात जाळ्याच्या दोऱ्यांचा ढीग पडला. जीप काही ऐकेना. तेव्हा एका संध्याकाळी मुलाने, माझ्यादेखत, त्यांच्या समोर उभं राहून सांगितलं, "बाबा, दिवाळीपर्यंत तुमच्या हातानी चालू झाली तर ठेवा. नायतर भंगारवाला न्यायला येनार. मी बोललोय त्याला."

मला त्या मुलाचा राग आला. बापाचा एवढा एक जीव की प्राण, आणि हा त्याच्यावर तारीख टाकतो! म्हातारा उठून आत गेला. रात्री जेवला नाही, एवढं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माडी चढून आमच्या दाराशी आले. पहिल्यांदाच. "बाय, तुमच्या शास्त्रात असा काय हत्यार हाय का, जो गाडीचा दुखना सांगल?"

मला काय, हर्षच झाला. इतके दिवस सळई चावणारा माणूस विज्ञानाच्या दारात आला होता. मी कॉलेजच्या वाचनालयातून मोटारीचं एक जाडजूड पुस्तक आणलं, दोन दिवस वाचलं आणि यादी केली. विजेचा प्रवाह पाहायला टेस्ट लॅम्प. सिलिंडरचा दाब मोजायला कॉम्प्रेशन गेज. इंजिनाच्या आतला आवाज ऐकायला मेकॅनिकचा स्टेथोस्कोप. आणि इंजिन हवा कशी ओढतंय ते दाखवणारं व्हॅक्यूम गेज. एवढ्या सगळ्यांची गरज नव्हती, एकच नीट निवडायचं होतं. ते निवडायला आम्ही बसने तुर्भ्याला गेलो. तिथे ट्रक टर्मिनलच्या मागे सुट्या भागांची दुकानं होती.

दुकानदार कच्छी होता, तोंडाने गोड. दुकानाच्या पायरीवर त्याचा जनरेटर भडभडत होता. त्याने आधी स्टेथोस्कोप काढला, डॉक्टरचा असतो तसाच, फक्त पुढे चकतीऐवजी लांब दांडी. "काका, आ बेस्ट आहे. इंजिनच्या पोटातली मुंगी पण ऐकू येणार. हे घ्या, जनरेटरला लावून बघा."

म्हाताऱ्याने तो कानात घातला, दांडी जनरेटरला टेकवली आणि तो काढून परत दिला. "बिघडलेला हाय."

दुकानदाराने दुसरा काढला. "ह्यो बी बिघडलेला." तिसरा नवा कोरा, खोक्यातून. "ह्यो बी."

दुकानदाराचा गोडवा आटला. "अरे काका, तीन-तीन बिघडलेले? घ्यायचा नाय तर नका घेऊ, पण माझ्या मालाला नाव नका ठेवू." दोन ट्रक ड्रायव्हर बघायला थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदाराची समजूत घालावी म्हणून मी तो तिसरा स्टेथोस्कोप कानात अडकवला आणि दांडी टेकवली.

कानांत तोफ उडावी तसा आवाज आला. मी ओरडून तो उपसून फेकला. कान बधिर झाले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. म्हाताऱ्याकडे रागाने बघायला मी वळले, तर ते माझ्याकडेच बघत होते. इतका घाबरलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या पोरांचेही चेहरे असे होत नाहीत.

तेव्हा मला कळलं. पायरीवर पडलेलं पातेलं, पाठीमागून मारलेल्या हाका, तोंडावरची नजर, ती प्रत्येक प्रश्नाला पुरून उरणारी भरती, दुसऱ्याला बोलायला जागाच न ठेवणारं ते अखंड बोलणं. पंचवीस वर्षं बोटीच्या इंजिनाला डोकं लावून बसलेल्या या माणसाचे कान कधीच गेले होते. सळईतून हाडांपर्यंत जी काय धडधड पोचायची तेवढंच त्यांचं ऐकणं होतं, आणि दातांबरोबर तेही गेलं होतं. मी त्यांची नक्कल करून स्टाफरूमला हसवलं होतं.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाले, "काका, आपण डोळ्यांनी बघायचं यंत्र घेऊ."

त्यांनी मान हलवली. दुकानदार म्हणाला, "हां, मग हे घ्या," आणि व्हॅक्यूम गेज पुढे केलं. घड्याळासारखी तबकडी, एक काटा, अंकांच्या मध्ये एक हिरवा पट्टा. टेस्ट लॅम्पला फक्त वीज कळते, कॉम्प्रेशन गेजला एकेक प्लग काढावा लागतो, हे मात्र एकदा नळीला जोडलं की काटा सगळ्या इंजिनाची तब्येत सांगतो. ऐकावं काहीच लागत नाही. मी निवडलं. निवड अगदी अचूक होती, याचा मला पुढे किती पश्चात्ताप व्हायचा होता ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

परतताना बसस्टॉपवर ते एवढंच बोलले. "पोराला बोलू नको, बाय. त्याला कललं तर माजी गाडी घेल."

मी शब्द दिला.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मला सुट्टी होती आणि मुलगा कामावर गेला होता. त्या जुन्या जीपचे वायपर इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालायचे. ती वायपरची नळी काढून आम्ही तिथे गेज जोडलं. इंजिन सुरू केलं. म्हाताऱ्याने पायाने रेस धरून ठेवली, आणि दोघंही त्या काट्याकडे बघत बसलो. काटा हिरव्या पट्ट्याच्या बराच खाली जाऊन थांबला. थरथर नाही, काही नाही. मी सोबतच्या पत्रकातल्या चित्राशी ताडून पाहिलं आणि त्यांच्या समोर जाऊन सांगितलं, "काटा खाली आणि स्थिर. म्हणजे कुठूनतरी हवा आत शिरतेय."

हे म्हणताना माझ्याच कानावर तो आवाज पडला. सूंऽऽ असा, बारीक, इंजिनाच्या बगलेतून येणारा. कुकरची शिट्टी नीट बसली नाही की येतो तसा. हा आवाज मी महिनाभर माडीवरून ऐकत होते! त्यांना पाठमोरं असताना एकदा सांगितलंही होतं, "काका, काहीतरी सूं करतंय," आणि उत्तर मिळालं नाही म्हणून नाक मुरडून आत गेले होते. कान असलेल्या कुठल्याही पोरासोराने दोन मिनिटांत पकडला असता असा हा बिघाड होता. यांच्यापुरताच तो लपलेला होता.

मी बोटाने जागा दाखवली. त्यांनी इंजिन बंद केलं, दाढीचा आरसा आणला आणि हवेची जाड नळी जिथे इंजिनाला जोडलेली असते तिच्या खालच्या अंगाला धरला. मी बॅटरीचा उजेड पाडला. आरशात दोन नट दिसले, सैल झालेले. आणि प्रत्येक नटाला जाळ्याच्या दोऱ्याचा एकेक तुकडा व्यवस्थित बांधलेला.

"तुम्ही विसरलात?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "मी हितं हात घातलाच नाय."

या घरात दोरा बांधणारे हात दोनच माणसांचे होते. ते खाली मातीत बसले. मीही बसले. सख्ख्या मुलाने बापाची गाडी बिघडवली होती, आणि वर भंगारवाल्याची तारीख टाकली होती! मी काहीबाही बोलत सुटले, असा कसा मुलगा, याला लाज कशी नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. ते त्या आरशाकडे बघत होते.

"येडा," ते शेवटी म्हणाले. "गाडी मोडायला आला, तरी दोरा बांधून गेला."

आणि ते हसले. मला त्या हसण्याचा अर्थ लागला नाही. त्यांनी दोन्ही नट आवळले, दोरे सोडवून खिशात ठेवले, इंजिन सुरू केलं. काटा उठला आणि हिरव्या पट्ट्यात जाऊन बसला. जीप मांजरीसारखी गुरगुरू लागली. म्हाताऱ्याने तळवा बॉनेटवर ठेवला आणि तसाच किती वेळ ठेवला.

"चल, बाय. पोरीकडं जाऊन येऊ. उद्याची वाट कशाला बगायची?"

नको म्हणायला हवं होतं. पण मीच शोधलेल्या बिघाडाची मिजास डोक्यात होती, आणि त्यांच्या तोंडावरचा आनंद मोडवत नव्हता. मी बसले.

गावातून बाहेर पडेपर्यंत सगळं छान. लोक हात करत होते. एक गोष्ट मात्र मला तेव्हा पहिल्यांदा जाणवली. गावातल्या गल्लीत आमच्या मागे एक टेम्पो आला, रिक्षा आली, कोणीच हॉर्न दिला नाही. रिक्षावाला वाट पाहत राहिला, जागा मिळाली तशी बाजूने पुढे गेला आणि त्यांच्या समोर येऊन हात केला. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. साऱ्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नाही असं फक्त म्हाताऱ्याला वाटत होतं.

उरणच्या रस्त्याला लागलो आणि गाव संपलं. बंदराचे कंटेनर वाहणारे ट्रेलर, एकामागून एक. ड्रायव्हर कुठले कुठले, दोन दिवस न झोपलेले. आमच्या मागे एक लागला. फाट्यापासून त्याचा भोंगा कानावर येत होता, पण तो आमच्यासाठीच आहे हे उशिरा कळून मी वळून बघितलं, तर मागची सगळी जागा त्याच्या जाळीने भरली होती. आरसा या जीपला एकच होता आणि तोही इंजिनाच्या धडधडीने सदा थरथरणारा. म्हातारा रस्त्याच्या मधोमध, आरामात, लेकीच्या धाकट्या पोराचे पराक्रम सांगत चाललेला. भोंगा सतत वाजत होता. माझ्या बरगड्या हलत होत्या. मी किंचाळले, "काका, बाजूला घ्या!" ते समोर बघत होते. मी त्यांचा दंड पकडून ओढला. जीप डावीकडे झेपावली, एक चाक रस्ता सोडून मातीत गेलं, आणि ट्रेलर इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्याने कापडी छताचा एक बंद तुटला. ड्रायव्हरने दिलेल्या शिव्या मी ऐकल्या. त्यांनी नाही.

जीप खारफुटीच्या काठाशी थांबली. मला उलटी झाली. मी तोंड पुसून वर बघितलं तेव्हा ते माझ्यासमोर येऊन उभे होते. डोळे माझ्या ओठांवर.

"वाजवीत व्हता?"

मी मान हलवली.

"कवापासून?"

मला खोटं बोलता आलं असतं. "फाट्यापासून," मी म्हणाले.

फाटा दीड-दोन मैल मागे राहिला होता. त्यांनी वळून त्या दिशेला बघितलं. मग म्हणाले, "बाजूला तू बसली व्हतीस, बाय. तुजा पन जीव गेला अस्ता." आणि थोड्या वेळाने, "पोरगा रोज ह्यांच्यातच काम करतो. त्याला म्हाईत हाय ह्ये कशे चालवतान."

त्यांनी जीप वळवली. घरी येईपर्यंत मी मागे तोंड करून बसले होते. काही आलं की त्यांच्या दंडावर थाप मारायचे, ते बाजूला घ्यायचे. एवढा बोलका माणूस गप्प बसलेला मला सहन होईना.

अंगणात आल्यावर मला वाटलं, आता मुलाची वाट बघतील, जाब विचारतील. त्यांनी बॉनेट उघडलं. पाना घेतला. आरसा मला धरायला लावला आणि तासाभरापूर्वी आवळलेले दोन्ही नट पुन्हा ढिले केले. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी हळूच सोडवला. खिशातले दोरे काढून जसे होते तसे बांधले. मग इंजिन सुरू केलं आणि माझ्याकडे वळले.

"वाजतंय?"

बगलेतून सूंऽऽ येत होतं. "वाजतंय," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि हात धुतले.

संध्याकाळी मुलगा आला. म्हातारा ओट्यावर बसलेला. मी गेज हातात घेऊन जिन्याच्या पायरीवर. मुलाने आधी जीपकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या तबकडीकडे, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"नाय गावला रं बिघाड," म्हातारा मोठ्याने म्हणाला. "बायनी एवढा शास्त्राचा हत्यार आनला, पन नाय गावला. म्हातारी झाली गाडी. बोलव भंगारवाल्याला."

मुलगा माझ्याकडे वळला. "मॅडम, यात पन कायच नाय दिसला?"

आजवर विद्यार्थ्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आलेय, की चूक यंत्राची नसते, बघणाऱ्याची असते. मी म्हणाले, "नाही हो. यंत्रच फसवं निघालं."

त्याने श्वास सोडला. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग बापाच्या समोर जाऊन उकिडवा बसला, दिव्याच्या उजेडात आपलं तोंड नीट दिसेल असा, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "बाबा, उद्या रविवार. ताईकडं मी नेऊ तुमाला?"

म्हाताऱ्याने त्याच्या ओठांकडे बघितलं. मग पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांकडे बघितलं.

"ने," ते म्हणाले.